लॅटिनचा पेपर आणि दुसरी खेप

पावसाळा सुरू झाला की कायद्याच्या प्रवेशाचा हंगाम येतो. बारावीचा निकाल लागलेला असतो, राज्याच्या विधी सीईटीचे गुण हातात असतात, महाविद्यालयांची पसंती भरायची असते. त्याच सुमारास पुढच्या क्लॅटचे फॉर्मही निघतात, कारण २०२२ पासून ती परीक्षा डिसेंबरात होते. म्हणजे ज्या मुलामुलींना गेल्या खेपेला हवा तो क्रमांक मिळाला नाही, त्यांना एका हाताने यंदाचा प्रवेश घ्यायचा असतो आणि दुसऱ्या हाताने पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा असतो. आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी मी बसतो, तिथे या दिवसांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: पुन्हा बसू का?

प्रश्न मुलं विचारतात, पण उत्तराची भीती आईवडिलांना जास्त असते. आमच्या मोहल्ल्यात "रह गई क्या?" एवढे तीन शब्द पुरेसे होतात. मुलगी नापास झालेली नसते. तिला क्रमांक मिळालेला असतो, पण तो नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठापर्यंत पोहोचणारा नसतो. हा फरक लग्नघरात भेटलेल्या खालाला समजावून सांगणं अवघड जातं. आणि मुलीच्या बाबतीत "एक साल और" याचा अर्थ घरात वेगळाच लावला जातो, हेही आपल्याला माहीत आहे.

म्हणून यंदा मी मुलांना तयारीची पुस्तकं सांगण्याऐवजी थोडा इतिहास सांगायचं ठरवलं. कायद्याच्या दारावर परीक्षा कधी आली, ती कुठल्या भाषेत होती, कोण तिच्यात अडलं आणि दुसऱ्यांदा कोण बसू शकलं. त्यातलं बरंचसं इथे लिहितो आहे.

सुरुवात मात्र परीक्षेच्या आधीपासून करावी लागते. मराठीत कोर्टकचेरीचे शब्द पाहा: वकील, मुन्सफ, फिर्याद, दावा, कैफियत, मुदत, जामीन, जप्ती, अर्ज, दाखला, तारीख. हे सगळे अरबी-फारसीतून आले आणि मराठी झाले. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कागदांतही ते आहेत. एके काळी कायद्याचं काम करायला फारसी यावी लागे आणि ती हिंदूही शिकत, मुसलमानही शिकत. कंपनी सरकारच्या न्यायालयांत काझी, मुफ्ती आणि पंडित हे कायदा सांगणारे अधिकारी म्हणून पगारावर असत. न्यायाधीश इंग्रज, पण शरियत काय म्हणते ते मुफ्तीने सांगायचं आणि धर्मशास्त्र काय म्हणतं ते पंडिताने.

१८३७ च्या कायद्याने फारसीचं न्यायालयीन स्थान जायला सुरुवात झाली. १८६४ च्या अकराव्या कायद्याने काझी, मुफ्ती आणि पंडितांची ही सरकारी पदंच रद्द झाली. पुढे १८८० साली काझींसाठी वेगळा कायदा करावा लागला, पण तो निकाह लावण्यासारख्या कामांपुरता. न्यायाचा अधिकार त्यात नव्हता. आजही आपल्याकडे शहरकाझी असतात ते याच मर्यादेत.

मला ही १८६४ ची तारीख फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे "मुसलमानांनी इंग्रजी शिक्षणाकडे पाठ फिरवली" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते सगळ्या गोष्टींचं उत्तर आहे असं वाटू लागतं. पण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या फिकह शिकवला जात होता, त्यांचं शिक्षण एका कायद्याने न्यायालयाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलं, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. पंडितांचंही तेच झालं. फरक एवढाच की मुंबई-पुण्यातल्या ब्राह्मण घरांतली पुढची पिढी तोवर एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात पोचली होती. मुंबईत कायद्याचं सरकारी शिक्षण १८५५ साली सुरू झालं, विद्यापीठ १८५७ चं. नवं दार तिथे होतं, आणि त्या दाराची भाषा इंग्रजी होती.

सर्वांत मोठं दार मात्र लंडनला होतं. बॅरिस्टर व्हायचं तर तिथल्या चार 'इन्स'पैकी एकीत नाव घालावं लागे: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल, ग्रेज इन. या शाळा नव्हत्या, वकिलांच्या जुन्या संस्था होत्या. तिथे सत्रं भरायची म्हणजे ठरावीक संख्येने भोजनाला हजर राहायचं, अशी बारा सत्रं, सुमारे तीन वर्षं. बॅरिस्टरीची परीक्षा सक्तीची झाली ती १८७२ पासून. आणि ज्याने विद्यापीठाची कोणतीही परीक्षा दिलेली नसेल त्याला आत येण्यापूर्वी एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागे. तिचे विषय तीन: इंग्रजी, इंग्लंडचा इतिहास आणि लॅटिन.

या लॅटिनपाशी थोडं थांबू. खंबायत, पोरबंदर किंवा कराचीहून आलेल्या मुलाने लॅटिन कुठे शिकलेलं असणार? त्याच्या शाळेत संस्कृत होतं, फारसी होती. या दोन्हींत वाङ्मय काही कमी नव्हतं, पण दारावर त्यांना किंमत नव्हती. इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरचा मुलगा लहानपणापासून लॅटिनची रूपं पाठ करत मोठा होई. परीक्षा दोघांना एकच, म्हणून ती समान आहे असं म्हणायचं, आणि ज्याच्या घरात भाषा नाही त्याने ती वेगळी विकत घ्यायची.

मुंबईतून या दारात सर्वांत आधी गेलेल्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. वडील तय्यब अली खंबायतहून येऊन मुंबईत व्यापारी झालेले. थोरले भाऊ कमरुद्दीन इंग्लंडमध्ये जाऊन सॉलिसिटर झाले होते. बद्रुद्दीन १८६० साली सोळाव्या वर्षी गेले. शिक्षण चालू असताना डोळे बिघडले आणि १८६४ साली सगळं अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावं लागलं. त्या काळी सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ चा. एवढा प्रवास करून गेलेला मुलगा हात हलवत परत आला की लोक काय म्हणतात ते तेव्हाही तसंच असणार. १८६५ मध्ये ते पुन्हा निघाले आणि १८६७ साली मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिलेले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढे ते अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत होते, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि १८९५ पासून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा त्यांना जामीन दिला तो याच तय्यबजींनी. टिळक स्वतः १८७९ चे एलएल. बी. मराठी वाचकाला ही जामिनाची गोष्ट बहुधा ठाऊक असते. अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणाची कमी ठाऊक असते.

पण तय्यबजींची गोष्ट मी मुलांना सांगतो तेव्हा एक वाक्य जोडतो. त्यांच्या वडिलांची पेढी होती. दुसऱ्या खेपेचं तिकीट निघू शकलं.

यानंतर गांधी. गांधींना इनर टेंपलमध्ये प्रवेशाला अडचण आली नाही. त्यांनी १८८७ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक दिलेली होती, गुण चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हुशार म्हणावं असे नव्हतेच. भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढलं, अभ्यास झेपेना, आणि सप्टेंबर १८८८ मध्ये ते बोटीत बसले. नोव्हेंबरमध्ये इनर टेंपलमध्ये नाव लागलं. तिथे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बॅरिस्टरीची परीक्षा अवघड नाही. रोमन कायद्याच्या पेपरात बसलेल्यांपैकी जवळजवळ सगळे उत्तीर्ण होत, असं त्यांनीच आत्मकथेत नोंदवलं आहे. लोक पंधरा दिवस टिपणं वाचून पास होत. मग आपलं शिक्षण झालं कुठे, या विचाराने त्यांनी लंडन विद्यापीठाची मॅट्रिक द्यायची ठरवली. तिथे लॅटिन सक्तीचं होतं आणि एक आधुनिक युरोपीय भाषाही. एका मित्राने सांगितलं की लॅटिन वकिलाला उपयोगी पडतं.

हातात पाच महिने. खासगी वर्गात नाव घातलं, लॅटिन आणि फ्रेंच दोन्ही कोऱ्या पाटीवर. १८९० च्या सुरुवातीला निकाल आला: लॅटिनमध्ये नापास.

इथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो शाळेच्या पुस्तकात कधी येत नाही. गांधी पुन्हा बसले, पण पहिल्यासारखेच पुन्हा बसले नाहीत. विज्ञानाचा विषय त्यांनी बदलला, रसायनाऐवजी उष्णता आणि प्रकाश घेतला. लॅटिनची गोडी लागली होती, ते चालू ठेवलं. आणि राहणी बदलली. दोन खोल्या सोडून एक खोली घेतली, शेगडी आणली, सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करू लागले, दुपारचं बाहेर, संध्याकाळी पुन्हा ब्रेड आणि कोको. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आला. जून १८९० मध्ये ते उत्तीर्ण झाले. जून १८९१ मध्ये बॅरिस्टरीची सनद मिळाली आणि लगेच ते परतीच्या बोटीवर होते.

दुसऱ्या प्रयत्नात अभ्यासाचे तास वाढवणं प्रत्येक जण करतो. गांधींनी खर्च कमी केला आणि एक विषय बदलला. हे दोन्ही निर्णय थंड डोक्याने घेतलेले आहेत. क्लॅटला पुन्हा बसणाऱ्या मुलांत मी उलटं पाहतो: आधीचाच क्लास, आधीचीच टिपणं, खर्च दुप्पट.

त्या लॅटिनचं पुढे काय झालं? १८९३ साली पोरबंदरच्याच मेमन व्यापाऱ्याच्या, दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने गांधींना दक्षिण आफ्रिकेला नेलं. तिथला मूळ कायदा रोमन-डच. लंडनमध्ये जस्टिनियन लॅटिनमधून वाचल्याचा तिथे उपयोग झाला असं ते लिहितात. पण दादा अब्दुल्लांचा खटला समजून घ्यायला लागला तो हिशेब. वह्या, जमाखर्च, प्रॉमिसरी नोट. गांधींना 'पी नोट' म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, पुस्तक काढून शिकावं लागलं. आपल्या मोहल्ल्यात दहावीतला मुलगा दुकानावर बसून हे शिकतो. कुठल्याही प्रवेश परीक्षेत त्याला त्याचे गुण मिळत नाहीत.

ज्या वर्षी गांधी आफ्रिकेला गेले त्याच वर्षी, १८९३ मध्ये, लंडनच्या दारात दुसरा एक काठियावाडी मुळाचा मुलगा उभा होता. मुहम्मद अली जीना, वय सोळा. हे नाव लिहिलं की आपल्यापैकी काही जणांना अवघडल्यासारखं होतं आणि इतरांना आपल्याविषयी काही सिद्ध झाल्यासारखं वाटतं. मी इथे फक्त एका परीक्षार्थीविषयी लिहितो आहे. ते लंडनला आले होते एका व्यापारी पेढीत काम शिकायला. मॅट्रिक झालेली नव्हती. त्यामुळे लिंकन्स इनमध्ये शिरायचं तर ती प्राथमिक परीक्षा देणं भाग होतं, तिला बोलीत 'लिटल गो' म्हणत. पुढच्या वर्षीपासून नियम बदलून वाट लांबणार होती, म्हणून घाई केली, असं त्यांनी नंतर सांगितल्याचं चरित्रकार नोंदवतात. लॅटिन येत नव्हतं. त्यांनी इनकडे अर्ज केला की मला लॅटिनच्या पेपरातून सूट द्यावी. सूट मिळाली. उरलेले पेपर देऊन ते १८९३ च्या जूनमध्ये आत गेले आणि १८९६ मध्ये बॅरिस्टर झाले.

एकच भाषा, तीन वर्षांचं अंतर. एक जण पुन्हा बसला, दुसऱ्याने नियमावली नीट वाचून अर्ज केला. मुलांना मी सांगतो, माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा. निम्म्यांनी ती उघडलेलीही नसते.

आणि काहींच्या बाबतीत परीक्षा कितीही वेळा दिली तरी दार उघडत नसे. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या गुणांवर मिळायला हवी होती, पण ती बाईला देता येत नाही असं ठरलं. इंग्लंडमधल्या काही स्नेह्यांनी पैसे जमवले आणि त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये १८८९ मध्ये दाखल झाल्या. १८९२ साली कायद्याची बीसीएल परीक्षा देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, उत्तीर्ण झाल्या, पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड बायकांना पदव्याच देत नव्हतं.

परत आल्या. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. दिली, उत्तीर्ण. वकिली करता येईना. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली, उत्तीर्ण. न्यायालयाने नाव नोंदवायला नकार दिला. तीन परीक्षा, तिन्हींत यश, आणि हातात सनद नाही. मग त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची कामं हाती घेतली. जमीनदार घरांतल्या विधवा, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, ज्यांना परपुरुष वकिलासमोर येता येत नसे आणि ज्यांच्या नावावरची जमीन नातेवाईक गिळत असत. १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून त्यांनी शेकडो जणींची प्रकरणं पाहिली. अलाहाबादला त्यांचं नाव वकील म्हणून लागलं ते १९२१ साली. ऑक्सफर्डची पदवी मिळाली १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी. स्त्रियांना वकिलीची मनाई करता येणार नाही हा कायदा १९२३ चा.

ही गोष्ट मी सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग त्यांना ड्रॉप किती वर्षांचा पडला?" सगळे हसले. ती स्वतः टेंपोचालकाची मुलगी, तालुक्याच्या उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, बारावी मराठी-इंग्रजीत. सीईटीत तिला जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयात जागा लागत होती आणि तिला क्लॅट पुन्हा द्यायची होती. तिच्याविषयी पुढे लिहितो.

बाबासाहेबांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात. १९१६ साली ग्रेज इनमध्ये नाव घातलं, १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. डी. एस्सी.चा प्रबंधही परीक्षकांनी एकदा परत केला होता, तो सुधारून पुन्हा दिल्यावर १९२३ मध्ये मंजूर झाला. तय्यबजींच्या दुसऱ्या खेपेला पेढी होती. बाबासाहेबांना ती नोकरी करून उभी करावी लागली. इतिहासात दोघांच्या नावापुढे बॅरिस्टर एवढंच दिसतं.

स्वातंत्र्यानंतर ही लंडनची वाट हळूहळू बंद झाली. बॅरिस्टर अंतुले, आंबेतचे, त्या वाटेवरचे आपल्यातले बहुधा शेवटचे मोठे नाव. १९६१ च्या वकील कायद्याने बॅरिस्टर, प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद मिटवून सगळे एकाच नावाखाली आणले. महाराष्ट्रात कायद्याला प्रवेश बराच काळ गुणांवर मिळत असे, आणि खरं सांगायचं तर पदवीनंतर कायदा करणारे पुष्कळ जण नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जात. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८० च्या दशकाच्या शेवटी बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यासाठी कडक प्रवेश परीक्षा आणली. मग तशी विद्यापीठं राज्याराज्यांत निघाली, प्रत्येकाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, फी वेगळी. न्यायालयात याचिका गेली आणि २००८ पासून एकच क्लॅट सुरू झाली. महाराष्ट्राची विधी सीईटी २०१६ ची.

पुन्हा बसणाऱ्यांवर एक वार मधल्या काळात झाला होता. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस वर्षांची वयोमर्यादा घातली, मागास प्रवर्गांना दोन वर्षांची सवलत. ज्या मुलाने उशिरा शाळा सुरू केली, मध्ये वर्षभर वडिलांच्या गॅरेजवर काम केलं, त्याचं गणित तिथेच संपत होतं. ही मर्यादा काढली गेली, परत आणली गेली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आज क्लॅटला वयाची वरची मर्यादा नाही. अजूनही पालक मला विचारतात की वय निघून जाईल का. नाही जाणार.

२०२० चा गोंधळही सांगायला हवा. करोनात क्लॅट पुढे पुढे ढकलली जात होती, तेव्हा बंगळूरच्या विद्यापीठाने ऐन वेळी स्वतःची वेगळी ऑनलाइन परीक्षा घेतली, १२ सप्टेंबरला. तांत्रिक अडचणी आलेल्यांसाठी १४ तारखेला पुन्हा घेतली. २१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २८ ला मुलं क्लॅटला बसली. सतरा दिवसांत काही मुलांनी तीन पेपर दिले. घरी चांगला संगणक आणि इंटरनेट नसलेल्यांचं त्यात काय झालं असेल याची कल्पना कोणीही करू शकेल.

आता भाषेकडे येतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. २०२० पासून क्लॅट उताऱ्यांवर बेतलेली आहे. सध्या १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. कायदा असो, चालू घडामोडी असोत की गणित, आधी इंग्रजी उतारा वाचायचा. पेपर फक्त इंग्रजीत. प्रादेशिक भाषांत घ्यावा म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. आपल्या सीईटीत मात्र प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात.

इंग्रजी म्हणजे आजचं लॅटिन, असं म्हणायचा मोह होतो. ते अर्धंच खरं आहे. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, निकाल इंग्रजीत लिहिले जातात. त्यामुळे वकिलाला इंग्रजी लागतेच. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि आपल्या लोकांची बहुतेक प्रकरणं तिथेच असतात: पोटगी, भाडेकरूचा वाद, वक्फची जागा, जामीन. तिथे चांगली मराठी कैफियत लिहिणारा माणूस मिळत नाही. वाक्यं इंग्रजीतून ओढून आणलेली असतात आणि फिर्यादीचं म्हणणं हरवतं. सतराव्या वर्षी इंग्रजी उतारा मिनिटभरात वाचता येतो की नाही एवढ्यावर कोण चांगला वकील होईल ते ठरत नाही. कोणाला आधी चांगली शाळा मिळाली, एवढं मात्र कळतं.

त्या मुलीला मी काय सांगितलं? जिल्ह्याच्या गावची जागा सोडू नकोस. तिथे प्रवेश घे, पहिल्या सत्राचा अभ्यास कर, आणि डिसेंबरची क्लॅट दे. कायद्याची पदवी करताना त्याच वेळी दुसरी नियमित पदवी करता येत नाही, पण एका ठिकाणी शिकत असताना दुसरीकडची प्रवेश परीक्षा द्यायला आडकाठी नाही. घरी बसून वर्ष काढलं तर जानेवारीपर्यंत अब्बांचा धीर सुटेल, ही भीतीही मी तिच्यासमोर बोलून दाखवली. क्लास पुन्हा लावू नकोस, त्या पैशांत वर्षभर एक इंग्रजी वर्तमानपत्र घे आणि रोज त्यातला एक लेख घड्याळ लावून वाच. क्लॅटची फी खुल्या आणि ओबीसी गटाला ४,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ३,५००. तिच्या वडिलांच्या धंद्यात ही रक्कम छोटी नाही, म्हणून ती खर्चाच्या यादीत सगळ्यात वर लिहायला सांगितली. आणि क्रमांक पुन्हा कमी आला तर पहिलं वर्ष वाया गेलेलं नसेल, ते चालूच असेल.

एक व्यवहाराची गोष्ट सगळ्यांसाठी. अशा दुहेरी वाटेवरच्या मुलांना खरी अडचण येते ती मूळ कागदपत्रांची. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाने आमच्या एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरला, उरलेल्या वर्षांची फी भर मग देतो म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नयेत आणि प्रवेश रद्द केल्यास फी कशी परत करावी याची अधिसूचना काढलेली आहे. तिची प्रत अर्जासोबत जोडून दिल्यावर चार दिवसांत दाखला मिळाला. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मूळ कागदाची पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का बघा, दाखल्याच्या चार साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा. अर्ज, दाखला, तारीख, मुदत. शब्द सगळे आपल्या ओळखीचे आहेत.